एका ओळीत एक माणूस

३ मार्च, मंगळवार

मास्तर गेले. काल सकाळी, घरातून निघता निघता, जिन्यातच.

आज मशीनवर असताना सिस्टरनं सांगितलं. हाताला सुया लावलेल्या, उठताही येईना. चार तास छताकडे बघत पडून राहिलो.

झालं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या डायलिसिस युनिटचा पाण्याचा प्लांट बिघडला. शनिवारच्या पेशंटांना दुसऱ्या दवाखान्यात जा म्हणून कळवायचं होतं. ग्रुपवर निरोप पाठवायचं काम माझं, मीच हौसेनं अंगावर घेतलेलं. पाठवला. काहींना तीन-तीनदा गेला. मास्तरांना गेला तो त्यांच्या शाळेच्या नावाच्या खात्यावर, आणि ते खातं ज्या सर्व्हरवर होतं तो डिसेंबरातच बंद पडलाय. त्यांचं चालू खातं वेगळं होतं. गणिताची कोडी घालायचं आणखी एक. तिन्ही माझ्यासमोर यादीत होती, तीन वेगळी माणसं असल्यासारखी.

शनिवारी मास्तर दोन बस बदलून आले, कुलूप बघून परत गेले. शेजाऱ्यांना म्हणाले, सोमवारी बघू. बुधवारपासून अंगात पाणी साठत होतं.

त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबांना कुणी कळवलंच नाही का हो?"

"पाठवलं होतं," मी म्हणालो. खोटं नाही बोललो. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिलो. पाणी पोटभर प्यायची मुभा नाही, निदान हातावरून तरी जाऊ दे.

४ मार्च, बुधवार

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते, कॉम्प्युटरचंच काम करते. ग्रुप तिनंच लावून दिलेला. आधी आम्ही पाच गावांचे किडनीवाले एकाच मोठ्या कंपनीच्या साइटवर होतो. त्या कंपनीनं एक दिवस ग्रुपच बंद केला, कारण नाही की काही नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, आता छोट्या सर्व्हरांवर जा. मालक एक नाही, शेकडो आहेत, पण एकावरचं माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतं. गेलो. ज्याला जिथं बरं वाटलं तिथं त्यानं खातं काढलं. एकाचा कंटाळा आला की दुसरं. एक नातेवाइकांना दाखवायला, एक रडायला. आता ग्रुपमध्ये २३१ खाती आहेत आणि माणसं किती, ते कुणालाच ठाऊक नाही.

"यादी करतो," मी म्हणालो. "एका ओळीत एक माणूस. त्याची सगळी खाती त्याच ओळीत."

"बाबा, त्यांना विचारून करा."

"विचारायचं काय त्यात? मास्तर गेले."

मी बत्तीस वर्षं दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, ग्रुपवर अजून मला रजिस्टरकाकाच म्हणतात. एकाच पेशंटच्या तीन फायली, नावाची तीन रूपं, दोन जन्मतारखा. मी पत्त्यावरून, सहीच्या वळणावरून, पोटावरच्या जुन्या टाक्यांच्या नोंदीवरून ओळखायचो आणि एकत्र बांधायचो. मोठे डॉक्टर म्हणायचे, ह्याच्या हातून माणूस सुटत नाही. आणि मास्तर सुटले.

८ मार्च, रविवार

देव पावला म्हणायचं. ग्रुपमध्ये महिनाभरापूर्वी एक नवा आलाय. त्याची मावशी मशीनवर आहे, म्हणून सगळे त्याला भाचाच म्हणतात. मास्तरांचं वाचून त्यानं आपणहून फोन केला. कॅमेरा बिघडलाय म्हणाला, नुसता आवाज. पण काय मऊ आवाज! त्यानं मला संपर्कांचा एक प्रोग्रॅम पाठवला. एका नावावर बोट ठेवायचं, ओढत दुसऱ्या नावावर न्यायचं, दोघं मिळून एक होतात. माझ्या रेकॉर्ड रूममध्ये हे असतं तर माझी पाठ वाचली असती.

"काका, दिवस आणि पाळी ह्याचेही रकाने ठेवा," तो म्हणाला. "आणि युनिटचा पत्ता. उद्या परत काही बिघडलं तर कुणाला कुठं गाठायचं ते एका नजरेत दिसेल."

एवढ्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मावशी कुठल्या युनिटला, विचारलं. "फिरतं असतं, काका. अजून कुठं बस्तान बसलं नाही." असा भाचा मिळायलाही नशीब लागतं.

१० मार्च, मंगळवार

आज युनिटमधल्या प्रत्येकाला धरून विचारलं. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या चौकीदाराची तीन खाती निघाली, त्यातल्या एकावर तो स्वतःच स्वतःला शाबासकी देतो. आम्ही पोट धरून हसलो. त्याचं मशीन ओरडायला लागलं तेव्हा सिस्टर धावत आली आणि मलाच झापलं.

सहा नंबरच्या मशीनवर टेलरताई असतात. वर्षभरापूर्वी कुठूनशा आल्या. चाळिशीच्या आत-बाहेर. त्यांनी मला तीन सदरे शिवून दिलेत, बाहीला कोपरापासून वर उघडणारी पट्टी आणि पाच बटणं, म्हणजे फिस्चुलात, हातावर तयार केलेल्या शिरेत, सुया लावताना सदरा काढायला नको. मशीनवर असताना पडदा ओढून घेतात. फोटोत कधी येत नाहीत.

"टेलरताई, तुमचं खातं एकच ना?"

"एकच, काका."

"उसवण. नाव काय ठेवलंत हो!"

"उसवलंय ते उसवलंय. पाटी तरी खरी लावावी." हसल्या. मग म्हणाल्या, "मला त्या यादीत नाही घातलंत तरी चालेल."

"आणि निरोप?"

"सिस्टर सांगतील की."

मी म्हटलं, तसं चालायचं नाही, मास्तरांनाही असंच वाटलं असेल. त्यांनी पडदा ओढून घेतला. बाई फारच भिडस्त.

१५ मार्च, रविवार

यादी निम्मी झाली. भाचा रोज फोन करतो, कुठवर आलं विचारतो. पोटच्या मुलीपेक्षा जास्त चौकशी.

मुलगी मात्र वाद घालते. "बाबा, कुणी दोन खाती ठेवतं ते उगाच नाही ठेवत."

"विसरभोळेपणा असतो. मी बघतोय ना."

"मलाही दोन आहेत."

"तुला कशाला दोन?"

ती म्हणाली, "जेवलात का?" मी पोटॅशियमचा रिपोर्ट वाचून दाखवला.

१७ मार्च, मंगळवार

आजचा दिवस माझा!

यादीत दुसऱ्या गावच्या एका बाईचं खातं उरलं होतं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. चौदा महिने हूं की चूं नाही. गेली असेल म्हणून काट मारणार होतो, तेवढ्यात तिनं शेवटी टाकलेलं चित्र बघितलं. सदऱ्याची बाही. कोपरापासून पट्टी, पाच बटणं, आणि पट्टी संपते तिथं तिरका दुहेरी टाका. मी खुंटीवरचा माझा सदरा काढून फोनच्या पडद्याशेजारी धरला. तोच टाका!

टेलरताई! जुनं खातं विसरून गेल्या असतील. भाच्याला लगेच फोन केला, राहवेना. नाव सांगितलं, चित्राचं सांगितलं, उसवणचं सांगितलं. त्यानं ते नाव मला पुन्हा म्हणायला लावलं.

"काका, खात्री आहे?"

"बत्तीस वर्षं हेच केलंय."

"मग ओढा एकावर दुसरं."

"ओढलं."

"दिवस?"

"मंगळवार-शुक्रवार. सकाळची पाळी. आमच्याच इथं."

त्यानं लिहून घेतलं. "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, अरे, प्रोग्रॅम तुझाच. परक्या माणसांसाठी इतकं वाटणारे आता कुठं राहिलेत!

२० मार्च, शुक्रवार

यादी पुरी. २३१ खाती, ९४ माणसं. काल भाच्याकडे एक प्रत पाठवली, जपून ठेवायला.

आज मशीनवर असताना पडद्याकडे तोंड करून म्हणालो, "टेलरताई, तुमचं जुनं खातंही सापडलं बरं का! बाहीच्या टाक्यावरून ओळखलं."

तेवढ्यात त्यांचं मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावली, पाय वर केले, सलाइन सोडलं. रक्तदाब एकदम खाली. पाणी जास्त काढलं गेलं बहुधा.

सावरल्यावर पडदा सरकवून म्हणाल्या, "काका, ते काढून टाका. आत्ता. हात जोडते." इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी हात जोडले. बरं म्हटलं. घरी येऊन काढलं, आणि भाच्यालाही कळवलं की टेलरताईंना ते नको आहे, तूही काढ. "काढलं, काका," त्याचं लगेच उत्तर.

२४ मार्च, मंगळवार

आज लिहिल्याशिवाय राहणार नाही.

टेलरताईंच्या सुया माझ्याआधी निघाल्या. हातावर कापूस दाबून, पाणी निघून कोरड्या वजनावर आलो का ते काट्यावर बघून बाहेर गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या, पायात चपला नाहीत, तोंड पांढरंफटक. कुणाला काही न बोलता चादरींच्या खोलीत शिरल्या आणि सिस्टरनं बाहेरून कडी घातली. मला वाटलं, उलटी होतेय.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत पाणी. सगळ्या खाटांवरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबला. "काका! ओळखलंत का? आवाजावरून तरी?"

"भाचा!" मी ओरडलो. मोकळा हात वर करून ओरडलो. "अरे, आत ये, आत ये!"

तो हसला आणि आत आला. थेट सहा नंबरच्या मशीनकडे गेला. पडदा ओढला. खाट रिकामी होती, चादरीवर रक्ताचा एक ठिपका. तो तिथंच उभा राहून त्या ठिपक्याकडे बघत होता. "आत्ताच उठली ना?" त्यानं मला विचारलं.

आणि मी "हो" म्हणालो.

सिस्टर मध्ये उभी राहिली. डॉक्टर आले, वॉर्डबॉय आले, त्याला बाहेर नेलं. जाताना तो कुणाला उलट शब्द बोलला नाही. टेलरताईंना मागच्या दारानं कपड्यांच्या गाडीतून बाहेर काढलं. कुठं जाताहेत ते सिस्टरलाही सांगून गेल्या नाहीत.

माझ्या सुया काढताना सिस्टर म्हणाली, "ह्याला कुणी सांगितलं असेल हो? तिचा नवरा आहे तो." मी तिला सांगितलं. ती कापूस दाबत राहिली, नेहमीपेक्षा जोरात. मग हळू आवाजात म्हणाली, "तिचा आधीचा फिस्चुला डाव्या हाताला होता. त्यानं त्याच्यावर तापलेली इस्त्री ठेवली होती. म्हणून उजव्या हाताला केला. उजव्या हातानंच शिवते ती, काका."

२५ मार्च, बुधवार

पोलिसांकडे जाऊन आलो. साहेबांनी ऐकून घेतलं. "नवरा बायकोला शोधत दवाखान्यात आला. हात लावला?"

"नाही."

"धमकी दिली?"

"नाही. पण तो आमच्यात भाचा म्हणून शिरला."

"कुणाचा तरी भाचा असेलच की तो." बाकीचे हसले. "बाईंना येऊन तक्रार द्यायला सांगा."

बाई कुठं आहेत ते मला माहीत नाही, म्हणालो. ह्यावर कुणी हसलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

सहा नंबर रिकामं. बाहेर फाटकासमोरच्या बाकावर तो बसलेला. मी गेलो, सरळ समोर उभा राहिलो.

"मला फसवलंस तू."

"मी काय केलं, काका?" तोच मऊ आवाज. "माझी बायको आजारी, घर सोडून गेली. मशीनशिवाय ती जगू शकत नाही, म्हणजे कुठल्या तरी युनिटला असणारच, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं तुम्हीच तर दिलंत."

थोबाडीत द्यायला हात उचलला. फिस्चुलाचाच हात उचलला होता. तसाच खाली घेतला.

२९ मार्च, रविवार

यादी पुसली. माझ्याकडची. त्याच्याकडची कोण पुसणार?

मग सगळ्यांना लिहिलं, काय झालं ते, काही न झाकता. टेलरताईंचं नाव तेवढं गाळून. "तुमची खाती एकमेकांना जोडलेली एक यादी एका माणसाच्या हाती गेली आहे. ती मी दिली." संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस जण ग्रुप सोडून गेले. एका आईनं लिहिलं, माझ्या मुलाला नोकरीच्या ठिकाणी ह्या आजाराचं माहीत नव्हतं, आता त्याचं काय करू ते सांगा. काय सांगू? चौकीदारानं लिहिलं, रजिस्टरकाका, तुमचा हेतू चांगला होता. ते वाचून जास्तच लागलं.

मुलीला फोन केला. मला वाटलं ती म्हणेल, सांगितलं होतं. तसं म्हणाली नाही. नुसती रडली. कशासाठी ते विचारलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

सहा नंबर रिकामं. सातवा दिवस. मला आमच्या शरीरांचं गणित पाठ आहे. तिसऱ्या दिवशी पाय सुजतात. पाचव्या दिवशी आडवं झोपवत नाही. पुढचं मास्तरांना ठाऊक.

तो बाकावर आहे. डबा घेऊन येतो.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी एक मेसेज आला. नव्या खात्यावरून. चित्र नाही, नाव म्हणजे नुसते आकडे. "दम लागतोय. इथले विचारतात कोरडं वजन किती, रक्त पातळ करायचं औषध किती, काविळीचे रिपोर्ट. कागद तिथंच राहिले. द्याल का?"

त्या असतील. किंवा तो असेल, बाकावर बसून लिहीत. माझं डोकं नेहमीच्या वाटेनं धावायला लागलं: शब्द कसे लिहिलेत, स्वल्पविराम कुठं देतात, जुना मेसेज काढून शेजारी ठेवावा. किंवा सरळ विचारावं, बाहीला बटणं किती? पण बटणं त्यालाही मीच सांगितली होती.

तसाच रिक्षानं युनिटला गेलो आणि सिस्टरला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "ह्यात आपल्याला काय सांगायचंय? वजन, औषध, रिपोर्ट. गाव नाही, पत्ता नाही."

"आणि तोच असला तर?"

"तर कळू दे त्याला तिचं वजन. ती असली आणि आपण खात्री करत बसलो तर?"

तिनं फाइल काढली. वरचं नाव झाकून कागदांचे फोटो काढले, युनिटचा फोन नंबर खाली लिहिला. मी पाठवले. कोण, कुठून, कशा आहात, काही विचारलं नाही. माफीसुद्धा मागितली नाही. मागितली असती तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

मग तो मेसेज आणि ते खातं फोनवरून पुसलं. आकडे लक्षात राहिलेत, ते इथं लिहीत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

दुपारी सिस्टरचा फोन. "एका युनिटनं कागदांची खातरजमा करायला फोन केला होता. बाईंच्या छातीत पाणी झालं होतं. काल रात्री मशीनवर घेतलं. आता बोलतेय."

मी खाली बसलो.

"कुठलं युनिट ते मी लिहून ठेवलं नाही," सिस्टर म्हणाली. "आणि तुम्ही विचारू नका."

"नाही विचारत."

३ एप्रिल, शुक्रवार

मशीनवरून उठून बाहेर आलो तर तो डब्याचं झाकण लावत होता. मला बघून म्हणाला, "काका, आजचा शेवटचा दिवस. इथं काही ती यायची नाही आता. उद्यापासून बाकीची युनिटं धरतो एकेक. तुमच्या यादीत पत्ते आहेतच सगळे."

पाच गावं. अकरा युनिटं. ते पत्ते मी स्वतः पडताळून लिहिले होते, पिनकोडसकट. महिन्याभरात हा सगळी पालथी घालेल.

मी म्हणालो, "कशाला उगाच वणवण करतोस? इथंच येते ती."

त्याचा हात झाकणावर थांबला. "कधी?"

"पाळी बदललीय. मंगळवार-शुक्रवार नाही आता. ठरावीक वारच नाही. मशीन मोकळं झालं की सिस्टर बोलावून घेते. परवा तर पाठच्या दारानं आली आणि गेली."

"रजिस्टरमध्ये आहे?"

"रजिस्टर मीच बघतो त्यांचं. बत्तीस वर्षांची सवय." असलं काही मी बघत नाही.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मीही डोळे हलवले नाहीत. उभ्या आयुष्यात चुकीची नोंद केलेली नाही, ते त्या क्षणी माझ्या तोंडावर दिसत असावं.

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार," तो म्हणाला. "पण मला का सांगताय?"

"तिला मशीनशिवाय जगता येत नाही. तूच म्हणालास. मग आज ना उद्या भेटणारच तुम्ही. माझ्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल."

हे त्याला पटलं. असली वाक्यं त्याला पटतात.

"मग रोज थांबतो," तो म्हणाला.

"थांब."

त्यानं डबा परत पिशवीत ठेवला. बाकाच्या ह्या टोकावरून मागचं दार दिसत नाही, हे मी त्याला दाखवलं. तो पलीकडे सरकला. मी त्याच्या शेजारी टेकलो. दारातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती, आणि आम्ही दोघं एकेकाचं तोंड बघत बसलो.